कोळीसुरा, तुतीचा किडा व दुधी रोग

महाड व पोलादपूर या तालुक्यांतील जुन्या घराण्यांचीं दप्तरें पाहावयास गेलेल्या संशोधकास कागदांच्या रुमालांबरोबर पुष्कळदां आणखी एक वस्तु दाखविली जाते. ती म्हणजे माळ्यावर पडलेली तोड्याची बंदूक. कागदांची याद होते, ताम्रपटाचा ठसा घेतला जातो, आणि बंदूक पुनः माळ्यावर जाते. तिची नळी लांकडी कुंद्यास कशानें आवळली आहे हें पाहण्याची तसदी आपण संशोधक सहसा घेत नाहीं. हा बंद कधीं पितळी पट्टीचा, कधीं कातड्याचा असतो. परंतु एके काळीं दख्खनांत तो रानरेशमाचा कोष कातून काढलेल्या पट्टीचाहि करीत असत. प्रस्तुत लेख त्या पट्टीपासून निघतो आणि बराच दूर, किड्याच्या आंतड्यांत, जाऊन पोंचतो. वाचकांनीं थोडा धीर धरावा.

महाड तालुक्यांत सह्याद्रीच्या उतारावर तळीये हें गांव आहे. २२ जुलै २०२१ रोजीं अतिवृष्टीनें डोंगर खचून तेथील वस्ती दरडीखालीं गाडली गेली. जेथें माणसेंच गेलीं तेथें कागदांचा व बंदुकांचा शोक करणें आम्हांस शोभणार नाहीं. तरी या डोंगरपट्ट्यांतील वस्तु, झाडें, पाखरें आणि त्यांचीं नांवें सांगणारीं माणसें आहेत तोंवर तीं टिपून घ्यावीं, ही निकड त्या दिवसानें आमच्या मनावर ठसविली. रानरेशमाचें जुनें नांव हें अशा नांवांपैकींच एक होय.

हें नांव आम्हांस मराठी कागदांत नव्हे, तर इंग्रजी लेखांत भेटलें. लेफ्टनंट कर्नल विल्यम हेन्री साइक्स हा एल्फिन्स्टनच्या कारकीर्दीच्या अखेरीपासून कांहीं वर्षें दख्खनची पाहणी करण्याच्या कामावर होता. त्यानें इ. स. १८३४ च्या सुमारास लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीपुढें दख्खनांतील एका रेशमी किड्याची हकीकत मांडली. तिच्यांत त्याचें देशी नांव दिलें आहे, तें इंग्रजी अक्षरांतून परत आणतां 'कोळीसुरा' किंवा 'कोळिसरा' असें होतें. हा किडा साग, तुती, बोर अशा कोणत्याहि झाडाच्या पाल्यावर जगतो, आणि मराठे लोक त्याचा चिवट कोष कातून त्याच्या पट्टीनें बंदुकीची नळी कुंद्यास बांधतात, असें साइक्स सांगतो. ज्यास आज आपण टसर म्हणतों तोच हा. त्याचा कोष आकारानें लहानशा अंड्याएवढा, कवचासारखा टणक आणि लांब देठानें डहाळीस अडकविलेला असतो. त्याचा धागा उकलण्याची खटपट येथें कोणी केल्याचें साइक्सास आढळलें नाहीं. लोकांस त्यांतलें रेशीम नको होतें, कवच हवें होतें.

यांत एक गंमत आहे. ज्या देशांत रेशीम झाडावर लोंबत होतें, त्या देशानें रेशमासाठीं परमुलखाकडे पाहावें! पेशवाईंतील जामदारखान्याच्या याद्यांत पीतांबर, शेले, पैठण्या, कद, मुकटे यांस तोटा नाहीं. पैठण, येवलें व पुणें येथील मागांवर उंची काम होत असे. परंतु मागावर चढणारें कच्चें रेशीम बंगालचें किंवा चीनचें असे. महाराष्ट्र हा रेशीम विणणारा देश होता, रेशीम पाळणारा नव्हता. तो पाळणारा व्हावा म्हणून इंग्रजी अमलाच्या आरंभीं जे प्रयत्न झाले, त्यांत सिन्योर मुत्ती नांवाच्या इटालियनाचा प्रयत्न प्रमुख होय. १८३० नंतरच्या दशकांत कंपनी सरकारनें त्यास दख्खनांतील रेशीमशेतीवर देखरेखीस नेमिलें होतें. पुण्याजवळ कोथरूड येथें त्याची तुतीची बाग होती, आणि या उद्योगावर त्यानें मार्गदर्शक पुस्तकहि लिहिलें. बंगाल्यांत तुतीचीं झुडपें दरसाल छाटून कोंवळा पाला घेत. मुत्तीचा आग्रह असा कीं, इटलीप्रमाणें तुतीचा वृक्ष वाढवावा व त्याचा पक्का पाला किड्यांस घालावा. पुढें हा उद्योग बसला. गेओगन यानें १८७२ सालीं हिंदुस्थानांतील रेशमाचा जो वृत्तान्त छापला, त्यांत मुंबई इलाख्यांतील असल्या प्रयोगांची कहाणी वाचावयास मिळते. ती एकंदरींत निराशेची आहे.

अशा अपयशाचें खापर त्या काळीं बहुधा हवेवर फोडलें जाई, आणि हवेवर फुटलें नाहीं तर रयतेच्या आळसावर. आमचें म्हणणें असें कीं, हे दोन्ही शब्द संशोधकानें जसेच्या तसे उचलूं नयेत. किड्याचें शरीर रोगाशीं कसें झगडतें हें आज कळलें आहे. त्या ज्ञानाच्या उजेडांत जुने कागद वाचले तर त्यांतील 'हवा', 'पाला' आणि 'बीं' हे तीन साधे शब्द निराळाच अर्थ देऊं लागतात.

प्रथम शेजारच्या राज्यांतील एक कागद पाहूं. टिपू सुलतानाच्या पत्रांचा इंग्रजी तरजुमा कर्कपॅट्रिक यानें १८११ सालीं प्रसिद्ध केला. त्यांत सप्टेंबर १७८६ (शके १७०८) मधील एक पत्र श्रीरंगपट्टणच्या किल्लेदारास आहे. मराठे व निजाम यांच्याशीं तुंगभद्रेच्या बाजूस टिपूचें युद्ध जुंपलें होतें, ते हे दिवस. अशा धामधुमींत तो लिहितो कीं, बुऱ्हाणुद्दीन व कस्तुरीरंग हे बंगालहून रेशमाचे किडे घेऊन परत येत आहेत. ते आले म्हणजे किड्यांस कशा प्रकारची जागा मानवते हें त्यांस विचारून तशी तजवीज करावी, आणि पूर्वीं हुकूम देऊन जीं तुतीचीं झाडें लावविलीं आहेत त्यांचा पाला घालावा. शत्रूचा कागद म्हणून आमच्याकडे या पत्राची उपेक्षा झाली आहे. वास्तविक जागा, पाला व बीं या तिन्ही गोष्टी त्या एका पत्रांत आहेत, आणि जाणत्यास विचारून करण्याची अक्कलहि आहे. म्हैसूरचें रेशीम त्यानंतर टिकलें व वाढलें. कोथरूडचें टिकलें नाहीं.

आतां रोगाकडे वळूं. किडे पाळणारे लोक रोगांस त्यांच्या दृश्य चिन्हांवरून नांवें देतात. बंगाल्यांत कटा, चुना, कालशिरा व रसा अशीं चार नांवें जुन्या काळापासून आहेत. नित्यगोपाल मुखर्जी यांनीं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस याच नांवांची युरोपीय नांवांशीं सांगड घातली. यांतील 'रसा' म्हणजे युरोपांतील ग्रासरी. कानडी मुलखांत त्यास दुधाचें नांव आहे, म्हणून येथें आम्ही त्यास दुधी रोग म्हणतों. या रोगांत किड्याचीं पेरें फुगतात, कातडी ताणून चकचकीत होते, आणि जरा धक्का लागतांच फाटून तींतून दुधासारखा पांढरा द्रव गळतो. किडा खाणें टाकून टोपलीच्या कांठावरून सैरभैर हिंडत राहतो, आणि ज्यास तो द्रव लागेल तो पाला खाणाराहि त्याच्या वाटेनें जातो.

मायेस्त्री व कोर्नालिया या दोन इटालियनांस १८५६ सालीं सूक्ष्मदर्शकांतून या द्रवांत चकाकणारे बहुफलक कण दिसले. हे कण म्हणजे रोगाचें बीज नव्हे, तर बीजाची पेटी, हें कळावयास पुढें जवळजवळ शंभर वर्षें लागलीं. प्रथिनाच्या त्या स्फटिकांत विषाणु गाडलेले असतात. स्फटिक आहे तोंवर ते धुळींत, भिंतीच्या भेगेंत, टोपलीच्या विणींत दीर्घ काळ जिवंत राहतात. जुन्या पोथीच्या पुठ्ठ्यांत लपलेली कसर ज्यांनीं पाहिली आहे, त्यांस ही चिकाटी सहज समजेल.

पाश्चर याचें नांव या प्रसंगीं सर्वांस आठवतें. त्यानें १८६५ पासून फ्रान्सच्या दक्षिणेस आले येथें काम करून १८७० सालीं आपला ग्रंथ छापला. परंतु त्यानें ज्या रोगावर खरा जय मिळविला तो पेब्रिन, म्हणजे बंगाल्याचा कटा. तो आईकडून अंड्यांत उतरतो. म्हणून प्रत्येक फुलपाखरास वेगळें ठेवून, अंडीं घातल्यावर त्यास कुटून तपासावें आणि दोष दिसल्यास अंडीं जाळावीं, हा त्याचा उपाय अचूक ठरला. आजहि अंडीपुंज याच रीतीनें तपासले जातात. दुधी रोगाची गोष्ट निराळी. तो मुख्यतः तोंडावाटे, पाल्याबरोबर शिरतो. अंडीं कितीहि शुद्ध असलीं तरी घर दूषित असेल तर किडा वांचत नाहीं. म्हणजे पाश्चरचा सूक्ष्मदर्शक जेथें थांबतो तेथून पुढें किड्याचें स्वतःचें बळच काय तें कामास येतें.

तें बळ कसलें? मनुष्याच्या रक्तांत एकदां आलेल्या रोगाची ओळख ठेवणारीं प्रतिद्रव्यें असतात, त्यामुळें देवीच्या लसीसारखा उपाय शक्य होतो. किड्याच्या रक्तांत तीं मुळींच नाहींत, म्हणून त्यास तशी लस टोंचतां येत नाहीं. त्याचे संरक्षक निराळे आहेत, आणि पहिला पहारा आंतड्यांत आहे. रेशमी किड्याच्या आंतड्याचा रस साबणाच्या पाण्यासारखा तीव्र क्षारयुक्त असतो. वरवर पाहतां हा रस शत्रूसच सामील आहे, कारण विषाणूची स्फटिकरूप पेटी याच क्षारानें विरघळते आणि आंतील विषाणु मोकळे होतात. परंतु त्याच रसांत त्यांस गांठून निकामी करणारीं प्रथिनें आहेत. त्यांपैकीं एक तांबूस चकाकणारें प्रथिन जपानी शास्त्रज्ञांनीं गेल्या शतकाच्या उत्तरार्धांत शोधून काढलें. तें किड्याच्या आंतड्यांतील प्रथिन आणि तुतीच्या पानांतील हिरवें रंगद्रव्य यांच्या संयोगानें बनतें, आणि तें बनण्यास उजेड लागतो. हें वाचून आम्ही थबकलों. पाला हें केवळ अन्न नसून किड्याच्या शस्त्रागाराचा भाग आहे, असा याचा अर्थ होतो. झुडपाचा पाला कीं वृक्षाचा, कोंवळा कीं पक्का, हा मुत्तीचा वाद वाचतांना पूर्वीं आम्हांस तो बागवानाचा हट्ट वाटला होता. आतां तसा वाटत नाहीं.

रसांतून निसटलेल्या विषाणूपुढें एक पातळ पडदा असतो. आंतड्याच्या आंतून तो अस्तरासारखा पसरलेला असून अन्नास पेशींशीं थेट भिडूं देत नाहीं. तोहि ओलांडून विषाणु पेशींत शिरला म्हणजे लढाई हातघाईवर येते. विषाणूचें बीजद्रव्य डीएनए असलें तरी त्याच्या नकला निघतांना दुपेडी आरएनए उत्पन्न होतो. निरोगी पेशींत असला लांब दुपेडी धागा सहसा नसतो. तो दिसतांच पेशींतील एक प्रथिन त्याचे बारीक तुकडे करतें, आणि दुसरें प्रथिन तेच तुकडे हातीं घेऊन त्यांच्याशीं जुळणारा विषाणूचा प्रत्येक हुकूमनामा शोधून फाडून टाकतें. शत्रूच्या पकडलेल्या पत्रावरून त्याचीं पुढचीं पत्रें ओळखावीं, त्यांतला हा प्रकार आहे. इतकेंहि करून भागलें नाहीं तर पेशी स्वतःचा नाश करून घेते, म्हणजे विषाणूस वाढावयास घरच उरत नाहीं. रक्तांतील पेशी कांहीं शत्रूंस गिळतात, आणि जखमेशीं रक्त काळें पडून गोठतें. परंतु हीं शेवटचीं साधनें जिवाणु व बुरशी यांवर जितकीं चालतात तितकीं या विषाणूवर चालत नाहींत.

विषाणूहि स्वस्थ बसत नाहीं. पेशीचा आत्मनाश रोखून धरणारें एक प्रथिन तो स्वतःच तयार करतो, आणि मरूं पाहणाऱ्या पेशीस आपलें काम पुरें होईपर्यंत जगवितो. श्वासनलिकांच्या वाटेनें तो सर्व शरीरभर पसरतो. रोगी किड्याचें तें सैरभैर हिंडणेंसुद्धां किड्याचें नव्हे. त्यास कारण होणारें जनुक विषाणूजवळ आहे, असें २००५ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दिसून आलें. तें जनुक काढून टाकलेला विषाणु शिरला तर किडा तसा भटकत नाहीं. फिरता किडा फुटतो तो दहा ठिकाणीं सांडतो. विषाणूस तेंच हवें असतें.

या झुंजीचा निकाल वयावर व उष्म्यावर फार अवलंबून असतो. नुकताच अंड्यांतून निघालेला किडा सर्वांत दुबळा. प्रत्येक कातीबरोबर त्याचें बळ वाढतें. शेवटच्या अवस्थेंत उशिरां लागण झाली तर तो कधीं कोषहि पुरा करतो. त्यास २४ ते २८ अंश उष्मा मानवतो. दख्खनांत चैत्र-वैशाखांत पारा चाळिशीस टेकतो, दिवस व रात्र यांत मोठें अंतर पडतें, आणि पाला उन्हानें कोरडा व जून होतो. असा पाला खाऊन उष्म्यानें थकलेल्या किड्यास विषाणूची जी मात्रा मारते, तीच मात्रा सुखांत असलेला किडा पचवूं शकतो. म्हणजे 'हवा मानवली नाहीं' हें वाक्य खोटें नाहीं, अर्धें आहे. हवा मारीत नाहीं. हवा पहारेकऱ्यांस थकविते, आणि मारणारा घरांत आधींच असतो. मागील पिकाची धूळ न धुतां त्याच घरांत पुढचें पीक घेतलें कीं तो दरवेळीं अधिक संख्येनें असतो. अशा स्थितींत पहिलीं एक-दोन पिकें बरीं येऊन पुढचीं बुडावीं, हें ओघानेंच आलें. आणि त्याचा बोल रयतेच्या आळसास लावणें हा अन्याय होय. बंगाल्यांतील जुने किडेपाळ आपल्या घरांत परक्यास शिरूं देत नसत व सोवळें कडक पाळीत. त्यास इंग्रजी लेखकांनीं अंधश्रद्धा म्हटलें. आज प्रत्येक संगोपनगृहाच्या दाराशीं चुना पसरलेला असतो व परक्यास मज्जाव असतो. चुन्याचा क्षार विषाणूची पेटी बाहेरच विरघळवितो, आणि आंत शिरावयास किडा जवळ नसल्यानें मोकळा झालेला विषाणु मरून जातो. आंतड्यांतील रस जें करतो तेंच चुना अंगणांत करतो, फक्त वेळ साधून.

राहिला तिसरा शब्द, बीं. म्हैसूरची जी जात टिकली तिचा कोष लहान, धागा आंखूड. पण ती उन्हांत व रोगराईंत तग धरणारी आहे. थंड देशांतील वर्षांतून एकदां किंवा दोनदां पिकणाऱ्या जातींचा धागा हजार मीटरपर्यंत भरतो, म्हैसुरीचा त्याच्या निम्म्याहूनहि कमी. परंतु त्या थंड जाती नाजूक असतात. १८६६ च्या सुमारास दे वेक्की नांवाच्या दुसऱ्या एका इटालियनानें म्हैसूर संस्थानांत जपानी बीं आणून पाहिलें. तो उपक्रम टिकला नाहीं. १९२० च्या सुमारास त्याच संस्थानांत म्हैसुरी मादी व परदेशी नर यांच्या संकरास आरंभ झाला, तेव्हां कोठें आईची तग व बापाचा धागा एका कोषांत आले. युरोपांतील बियाण्याची वंशावळ उत्तम असेल. येथील उन्हाशीं व रोगाशीं पिढ्यानुपिढ्या झगडून निवडलें गेलेलें रक्त तिच्यांत नव्हतें. मुत्तीच्या प्रयोगाकडे पाहतांना कोणत्या जातीचे किडे होते हा प्रश्न झाडांच्या संख्येपेक्षां अधिक महत्त्वाचा ठरतो. जातीजातींत हा भेद किती खोल असूं शकतो याचें एक टोकाचें उदाहरण २००८ सालीं जपान्यांनीं उलगडलें. रेशमी किड्याच्या दुसऱ्या एका विषाणूस कांहीं जाती मुळींच बधत नाहींत, कारण आंतड्याच्या पेशीवरील ज्या प्रथिनाच्या दारानें तो शिरतो, त्या दाराचा एक भागच त्यांच्यांत जन्मतः नसतो. दुधी रोगाविरुद्ध असें बंद दार असलेली जात मात्र नाहीं. तेथें फरक कमी-अधिकाचाच.

येथें कोणी म्हणेल कीं, मग सह्याद्रीतला कोळीसुरा बरा. रानटी म्हणून निरोगी. ही समजूत टिकत नाहीं. टसरच्या किड्यासहि विषाणुरोग होतो. त्याचा विषाणु निराळ्या कुळाचा, पेशीच्या केंद्रांत न वाढतां भोंवतालच्या द्रवांत वाढणारा. आणि विदर्भांतील चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा या जिल्ह्यांत ऐन-अर्जुनाच्या झाडांवर टसर पाळणाऱ्या ढिवर बांधवांस तो पुरता ठाऊक आहे. रानांतल्या किड्यास लाभ एवढाच कीं तो विरळ असतो. एकाचा मळ दुसऱ्याच्या पानावर पडत नाहीं. १८७० नंतरच्या दशकांत पुण्यास मेजर कूसमेकर यानें याच कोळीसुऱ्यास माणसाळविण्याचा दीर्घ प्रयत्न केला, आणि त्याच्या रेशमाचे नमुने इंग्लंडांत वॉर्डल या नामांकित रंगाऱ्याकडे गेले. उद्योग म्हणून तोहि येथें रुजला नाहीं.

मुत्तीस जें साधलें नाहीं तें पुढें दीड-दोनशें वर्षांनीं मराठवाड्यानें साधलें आहे. बीड, जालना या कोरड्या जिल्ह्यांतील शेतकरी आतां तुती लावतात, आणि २०१८ सालीं जालन्यास कोषांची बाजारपेठ उघडली; तत्पूर्वीं त्यांस कोष घेऊन कर्नाटकांत रामनगरपर्यंत जावें लागे. हवा तीच आहे. बदललें तें संकरित बीं, पाणी दिलेला पाला, वेगळें संगोपनगृह, पहिल्या दोन कातींपर्यंत जाणत्याच्या हातीं वाढविलेले बाल-कीटक आणि चुना. तरीहि दुधी रोगानें पीक बसतेंच, आणि एका पिकाबरोबर घराचा महिन्याभराचा हिशेब बुडतो. हैदराबाद येथील सेंटर फॉर डीएनए फिंगरप्रिंटिंग अँड डायग्नॉस्टिक्स या संस्थेंत जे. नागराजू यांच्या मंडळींनीं किड्याच्याच दुपेडी धागा ओळखण्याच्या युक्तीचा उपयोग करून, विषाणूच्या अनेक आवश्यक जनुकांवर एकाच वेळीं मारा करणारे किडे तयार केले. तें काम २०१३ सालीं प्रसिद्ध झालें. नागराजू त्यापूर्वीं, २०१२ च्या अखेरच्या दिवशीं, निवर्तले होते.

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या संग्रहीं कोंकण व मावळ येथील दप्तरें आहेत. त्यांत तुतीचीं झाडें, किडे, रेशमाचें बीं, कोथरूडची बाग किंवा कोषांची खरेदी यांचा उल्लेख असलेला कागद आढळल्यास महिना व तिथि यांसह त्याची नक्कल या त्रैमासिकाकडे पाठवावी. महिना कळला तर त्या पिकास कोणता उष्मा व कसला पाला मिळाला हें ठरवितां येतें. तसेंच तोड्याची बंदूक असल्यास तिच्या नळीचा बंद सोडूं नये व तेल लावून पुसूंहि नये. तो पिवळट, खरखरीत व कवचासारखा चिवट असेल तर त्याचें छायाचित्र घ्यावें, आणि घरांतील वृद्ध माणसें त्यास काय म्हणतात तें त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवावें. साइक्साच्या इंग्रजी अक्षरांतील 'कोळीसुरा'चा खरा उच्चार त्यावरूनच ठरेल.